ट्रक गरम होतोय? आधी पाण्याचा रस्ता समजून घ्या (नवीन मालक आणि ड्रायव्हरसाठी)

मार्च संपत आला की फोन सुरू होतात, गाडी गरम होतेय काय करू. विचारणारा बहुतेक वेळा नवीन असतो, पहिलीच गाडी फायनान्सवर काढलेला, नाहीतर इतके दिवस छोटा हत्ती चालवून आता एकदम दहा चाकी टॉरसवर बसलेला. मी भोसरीत गाड्यांचा मेंटेनन्स बघतो, या लाइनला बरीच वर्षं झाली, आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं. वाचून तुम्ही मिस्त्री होणार नाही पण मिस्त्री काय बोलतोय ते कळेल आणि गरज नसताना कोणी हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायला लावणार नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिनचं पाणी डिझेलसारखं जळून संपत नाही. सिस्टीम बंद आहे, तेच पाणी फिरत राहतं. टाकीतली लेव्हल खाली आली म्हणजे पाणी एकतर बाहेर पडलंय नाहीतर इंजिनच्या आत शिरलंय, तिसरा रस्ता नाही. ड्रायव्हर रोज सकाळी एक बाटली ओततो आणि विचारलं तर म्हणतो "पिते थोडं, जुनी गाडी आहे". असं कोणी म्हणालं की त्याच दिवशी गाडी उभी करून बघा, कारण नंतर तीच बाटली लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), हेड आणि कधी कधी पूर्ण इंजिनच्या बिलाला जाऊन पोचते.

आणि पाण्याचं काम किती मोठं आहे ते बघा. डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातली साधारण ३५-४० टक्के गाडी ओढायच्या कामी येते, बरीचशी सायलेन्सरमधून जाते, आणि पाव भाग तरी पाण्याला उचलावा लागतो. २५० हॉर्सपॉवरचं इंजिन फुल लोडवर घाट चढत असेल तर १०० किलोवॅटच्या आसपास उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची असते, म्हणजे २ किलोवॅटचे ५० गिझर एकदम चालू आहेत असं समजा. त्यात पाच लिटर पाणी कमी असेल तर काय होईल.

सुरू करायच्या आधी: काय जवळ पाहिजे

- गाडीचं मॅन्युअल आणि वॉरंटी बुक. कोणता कूलंट (पाण्यात मिसळायचं केमिकल), पाण्याच्या टाकीची कॅप किती प्रेशरची, थर्मोस्टॅट किती डिग्रीचा, सगळं त्यात असतं. सेकंडहँड घेतली असेल तर चेसिस नंबर देऊन डीलरकडून माहिती काढा
- कूलंटची बिलं. वॉरंटीत इंजिनचं काम निघालं की पहिलं हेच मागतात, कंपनीने सांगितलेला कूलंट नसेल तर क्लेम अडकतो
- चांगला टॉर्च, जाड हातमोजे, जाड फडकं
- टेंपरेचर गन (लांबून तापमान दाखवते ती)
- रिफ्रॅक्टोमीटर, कूलंट किती टक्के आहे ते एका थेंबात कळतं
- प्रेशर टेस्टर. हा महाग वाटला तर वर्कशॉपमध्ये असतो, पण तीन-चार गाड्या असतील तर स्वतःचा घ्या
- गाडीत कायम: १० लिटर मिक्स केलेल्या कूलंटचा कॅन, एक जास्तीची कॅप, फॅन बेल्ट, दोन-चार होज क्लिप (होज म्हणजे पाण्याचा रबरी पाइप), चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण
- एक वही. कधी किती पाणी टाकलं ते किलोमीटरसकट लिहायचं. ही वही सगळ्यात उपयोगाची आहे, पुढे कळेल

स्पेअर नाना पेठेत मिळतात, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये मिळतात, पण कॅप आणि थर्मोस्टॅट या दोन वस्तूंना पैसे वाचवू नका. ओरिजिनल घ्या आणि बिल घ्या.

१. पाण्याचा रस्ता पाठ करा

बॉनेट किंवा केबिन उचला आणि बोट ठेवत ठेवत बघा, नुसतं वाचून लक्षात राहत नाही.

सुरुवात वॉटर पंपापासून, आपल्याकडे बरेच मिस्त्री याला वॉटर बॉडी म्हणतात. तो रेडिएटरच्या खालच्या होजमधून थंड झालेलं पाणी खेचतो आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडात, ढकलतो. बहुतेक इंजिनात वाटेत ऑइल कूलर लागतो, तिथे पाणी इंजिन ऑइलला थंड करतं. मग पाणी लायनरच्या भोवती फिरतं, तिथून वर हेडमध्ये जातं, वॉल्व्ह आणि इंजेक्टरच्या आजूबाजूची सगळ्यात जास्त उष्णता तिथे उचलतं, आणि शेवटी थर्मोस्टॅटपाशी येतं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी असलेला वॉल्व्ह. पाणी थंड असेल तर तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून परत पंपाकडे पाठवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. साधारण ८० च्या आसपास तो उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो, नेमका आकडा इंजिनप्रमाणे बदलतो आणि त्याच्यावरच कोरलेला असतो. उघडला की गरम पाणी वरच्या होजमधून रेडिएटरला जातं, जाळीतून खाली उतरत थंड होतं आणि परत पंपाकडे.

याच पाण्याच्या फांद्या अजून कुठे कुठे जातात तेही बघून ठेवा: ब्रेकची हवा बनवणाऱ्या एअर कॉम्प्रेसरच्या हेडला, केबिनच्या हीटरला असेल तर, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांमध्ये ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारी सिस्टीम) असेल तर त्याच्या कूलरला. पाणी गायब झाल्यावर शोधायच्या जागा ह्याच.

सगळ्यात उंचावर असते एक्स्पान्शन टाकी. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा लागते, आणि पाण्यातली हवा सुटून इथे येते. रेडिएटरच्या वरून आणि इंजिनवरून बारीक नळ्या या टाकीत येतात, आणि टाकीच्या खालून एक जाड नळी पंपाच्या तोंडाशी जाते. त्या बारीक नळ्या चोक झाल्या तर हवा आत अडकते आणि गाडी कारण नसताना तापते, ही गोष्ट नवीन माणसाला कोणीच सांगत नाही.

पाण्याबरोबर हवेचाही रस्ता आहे. पुढून बघितलं तर बहुतेक ट्रकला आधी इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), मग रेडिएटर, मग फॅनचं कव्हर आणि फॅन. २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीचं झालंय, म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये या रांगेत एसीचा कंडेन्सरही पुढे येतो. जाळीमागे जाळी, आणि सगळ्यात मागच्या रेडिएटरला हवा मिळायला पाहिजे.

२. पाणी की कूलंट

नुसतं पाणी चालतं का, हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, कारण आपल्याकडे बर्फ पडत नाही. खरं आहे, ५०-५० मिक्स कूलंट उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही आणि त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. पण कूलंट गोठू नये म्हणूनच टाकतात असं नाही. त्यात गंज थांबवणारं केमिकल असतं, आणि त्याने पाण्याचा उकळबिंदू वाढतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे साधं पाणी उघड्यावर ९८ डिग्रीलाच उकळतं. ५०-५० मिक्स साधारण ७-८ डिग्री जास्त सहन करतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि ते फक्त जड डिझेल इंजिनांना जास्त लागू होतं. लायनर प्रत्येक स्फोटाला थरथरतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि लायनरवरच फुटतात, एवढ्या जोरात की लोखंड टोकरलं जातं. जुना लायनर काढून बघा, एका बाजूला सुई टोचल्यासारखी भोकं ओळीने दिसतील. एखादं आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये. डिझेलसाठीच्या कूलंटमधलं केमिकल लायनरवर पातळ थर धरतं आणि हे थांबवतं. कारचा स्वस्त कूलंट टाकून हे होत नाही.

बोअरचं पाणी अजिबात टाकू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर ब्लॉकमध्ये आतून बसतो आणि तो थर उष्णता अडवतो. रस्त्यात अडचण असेल तर बिसलेरीची बाटली चालेल, नंतर काढून नीट भरून घ्या.

इथे लोक नेहमी फसतात ते सांगतो. रंगावरून कूलंट ओळखू नका, हिरवा, लाल, निळा याला काही नियम नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग टाकते. डब्यावर इंजिन कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबर आहे का ते बघा. दोन जातीचे कूलंट मिसळले तर केमिकल एकमेकांना मारतात, कधी कधी जेलीसारखा गाळ होतो. आणि डब्यावर "रेडी टू यूज" आहे की "कॉन्सन्ट्रेट" ते वाचा. रेडी टू यूजमध्ये अजून पाणी घातलं की ते पातळ झालं. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तरी वाईटच, कारण कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलतो, नुसत्या कूलंटवर गाडी उलट जास्त तापते. कॉन्सन्ट्रेटमध्ये मिसळायला डीआयोनाइज्ड पाणी घ्या, बॅटरीचं पाणी विकणाऱ्याकडे मिळतं, फक्त त्यात ॲसिड नाही ना ते विचारून घ्या.

३. कॅप: सगळ्यात लहान आणि सगळ्यात धोकादायक

कॅप टाकीचं झाकण आहे असं समजू नका, तो दोन वॉल्व्हचा पार्ट आहे. एक वॉल्व्ह सिस्टीममध्ये प्रेशर धरून ठेवतो. १ बार प्रेशर असेल तर साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही. दुसरा वॉल्व्ह गाडी थंड होताना आत हवा घेतो, तो जाम झाला तर सकाळी होज आत चिपकलेला दिसतो.

आता यातला धोका लक्षात घ्या. पाणी ११० डिग्रीला आहे आणि उकळत नाहीये कारण वरून प्रेशर आहे. तुम्ही कॅप फिरवली, प्रेशर गेलं, त्याच क्षणी त्या पाण्यातल्या थोड्याची एकदम वाफ होते आणि ती उकळतं पाणी घेऊन बाहेर उडते, तोंडावर, छातीवर, हातावर. फडकं धरलं होतं म्हणून वाचलो असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. गरम इंजिनवर कॅप उघडायची नाही, तास थांबायचं, वरचा होज हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ लागला तरच फडकं टाकून हळूहळू, तोंड लांब ठेवून. क्लीनर पोरांना हे मालकाने स्वतः सांगितलं पाहिजे, कारण उघडायला त्यांनाच पाठवतात. कोणी भाजलंच तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, आणि १०८ ला फोन करा.

कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की बदला. पाणी कमी होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण हेच असतं, आणि बघतं कोणीच नाही.

४. सकाळची तपासणी

गाडी थंड असताना, स्टार्टर मारायच्या आधी. लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये पाहिजे, काठोकाठ नको. रंग बघा, तपकिरी म्हणजे गंज, वर तेलाचा तवंग म्हणजे ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटकडे (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) बघा. गाडीखाली ओलं आहे का. होज दाबून बघा, फार कडक नको आणि फार फुसका नको. बेल्टला चिरा आहेत का, साध्या व्ही बेल्टला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१५ मिलिमीटर दबला पाहिजे, दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदलायचे. जाळीत कचरा बघा. झालं, पाच मिनिटं पण लागत नाहीत.

५. लेव्हल कमी होतेय, तर पाणी गेलं कुठे

हा भाग सावकाश वाचा.

आधी वहीत बघा. महिन्याला पाव-अर्धा लिटर की रोज एक लिटर? घाटाच्या ट्रिपला जास्त जातं की सगळीकडे सारखंच? फक्त लोडवर जात असेल तर प्रेशर वाढल्यावर उघडणारी जागा शोधायची, उभ्या उभ्या जात असेल तर साधी गळती.

बाहेरची गळती. गरम इंजिनवर थेंब पडला की लगेच वाळतो, त्यामुळे पाणी शोधू नका, डाग शोधा. वाळलेला कूलंट पांढरट किंवा त्याच्या रंगाची खपली सोडतो. होज क्लिपच्या कडेला, रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम जाळी जिथे जोडते तिथे, आणि वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं तिथे. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी येतं आणि तुम्हाला कळतं. काही जण ते एमसील लावून बंद करतात, तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप जाम होतो, बेल्ट तुटतो आणि गाडी रस्त्यात. पंप बदला.

डाग सापडला नाही तर थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरा, जास्त नको, आणि १५ मिनिटं बघा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओलं नाही, तर गळती आत आहे.

आतली गळती. ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचं झाकण बघा, तपकिरी घट्ट बुळबुळीत थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये जातंय, गाडी अजिबात चालवू नका, ऑइलमध्ये पाणी मिसळलं की बेअरिंग फार टिकत नाहीत. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट, क्रॅक हेड, किंवा बीएस ६ गाडीत ईजीआर कूलर. ईजीआर कूलर फुटला तर पाणी सरळ एक्झॉस्टमध्ये जातं, बाहेर एक थेंब दिसत नाही, ऑइलही स्वच्छ, म्हणून त्याच्याकडे शेवटी लक्ष जातं. आधी बघा, हेड उतरवण्यापेक्षा ते खूप स्वस्त आहे.

टाकीत बुडबुडे. इंजिन चालू असताना एक्स्पान्शन टाकीत सतत बुडबुडे येत असतील, थंड स्टार्टनंतर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर बहुतेक जण लगेच म्हणतात हेड गॅस्केट गेलं. असेल गेलेलं, पण एक गोष्ट त्याआधी तपासा, हात जोडून सांगतो.

एअर कॉम्प्रेसरचं हेड पण याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं किंवा हेडला क्रॅक गेला तर तो ब्रेकची हवा पाण्यात मारतो, आणि लक्षणं अगदी हेड गॅस्केटसारखीच. ओळखायचं असं: गाडी सुरू करा, हवेचे काटे चढू द्या, बुडबुड्यांवर नजर ठेवा. हवेच्या टाक्या फुल झाल्या की फुस्स आवाज येतो आणि कॉम्प्रेसर लोड सोडतो, म्हणजे हवा भरायचं थांबवतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले आणि ब्रेक दोन-चारदा मारून हवा खाली आणल्यावर परत सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरमध्ये आहे. लोड सोडल्यावरही तसेच चालू राहिले तर मग इंजिनकडे बघा. मोशीहून क्रश सँड भरणारी एक सोळा टायर गाडी माझ्याकडे अशीच आली होती, एका वर्कशॉपने हेड फेसिंगसकट (हेडचा तळ घासून सपाट करणं) मोठं एस्टिमेट दिलेलं, मालकाचा हप्ता थकलेला, चेहरा बघवत नव्हता. टाकीचं झाकण उघडं ठेवून (थंड इंजिनवर सुरू करून) आम्ही दोघं उभे राहिलो, फुस्स झालं आणि पाणी एकदम शांत. कॉम्प्रेसरचं हेड बदललं, इंजिनला हात लावला नाही.

दहा मिनिटांची टेस्ट आहे. कोणी हेड काढायचं म्हणालं की ही टेस्ट माझ्यासमोर करा असं स्पष्ट सांगा.

६. पाणी पूर्ण आहे, तरी तापते

मग पाणी फिरत नाहीये किंवा हवा मिळत नाहीये, दोनपैकी एक.

हवेपासून सुरू करा कारण ते फुकट आहे. वाघोली, मोशीकडच्या क्रशरवर चालणाऱ्या गाड्यांच्या जाळीत धूळ आणि तेल मिळून सिमेंटसारखा थर होतो, ऊस वाहणाऱ्या गाड्यांमध्ये पाचट अडकतं. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, खरा कचरा इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. टॉर्च आत घालून वरून बघा. धुताना पाणी फॅनच्या बाजूने पुढे मारा, ज्या बाजूने कचरा आत आला त्याच बाजूने तो बाहेर गेला पाहिजे. सर्व्हिसिंग सेंटरचा मोठ्या प्रेशरचा पंप जवळून मारला तर पत्रे वाकतात आणि जाळी कायमची बंद होते. फॅनचं कव्हर फुटलं असेल तर बदला, ते नसलं की फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा फिरवत बसतो.

मग फॅन. बहुतेक ट्रकला व्हिस्कस फॅन असतो, मधल्या क्लचमध्ये सिलिकॉन ऑइल असतं, जाळीतून येणारी हवा गरम झाली की तो पकड घेतो आणि मोठा घोंगावणारा आवाज येतो. इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा, थोडा जड फिरला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. घाटात आवाजच आला नाही तरी तेच. बऱ्याच गाड्यांना फॅन डायरेक्ट केलेला दिसतो, म्हणजे क्लच लॉक करून टाकतात. रस्त्यावरून घरी यायला ठीक आहे, कायम ठेवू नका, मोठा फॅन पूर्ण जोरात २०-३० हॉर्सपॉवर सहज खातो, ते डिझेल तुमचंच जातं.

मग थर्मोस्टॅट, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण अजूनही लोक तो काढून फेकून देतात, "आपल्याकडे गरमी आहे, कशाला पाहिजे". काढल्यावर बायपासचा रस्ता कायम उघडा राहतो, अर्धं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच गरम परत पंपात जातं, म्हणजे घाटात गाडी जास्तच तापू शकते. आणि सपाटीवर इंजिन थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, लायनर झिजतो, बीएस ६ मध्ये तर सायलेन्सरकडचा काजळीचा फिल्टर साफ व्हायची प्रोसेसच नीट होत नाही आणि डॅशबोर्डवर लाइट येतो. शंका असेल तर काढून पातेल्यात गरम पाण्यात टाका, थर्मामीटर लावा, लिहिलेल्या आकड्याला उघडतो का बघा. नाही उघडला तर नवीन बसवा, रबर सील नवीन, आणि दिशा बरोबर.

शेवटी रेडिएटर आतून. गाडी तापल्यावर टेंपरेचर गनने जाळीवर ठिकठिकाणी बघा, मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकाकणाऱ्या धातूवर गन चुकीचं दाखवते, काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर मारा. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता यायचे, झाळता यायचे. आताचे ॲल्युमिनियमचे तसे होत नाहीत, कोणी केमिकल लावून बुजवतो म्हणाला तर ते तात्पुरतं आहे हे लक्षात ठेवा. लीक थांबवायची पावडर सिस्टीममध्ये टाकू नका, ती गळती शोधत बसत नाही, बारीक नळ्या आधी बुजवते.

हे सगळं बरोबर असेल तर ओव्हरलोड, ब्रेक चिकटणं, क्लच घसरणं, इंटरकूलरचा पाइप फुटणं, एअर फिल्टर चोक, असं बाहेर बघा. इंजिनला जास्त कष्ट पडले की उष्णता जास्त होणारच.

७. घाटात गाडी कशी चालवायची

पुण्यातून निघालं की बऱ्याच रस्त्यांना घाट लागतोच. साताऱ्याला जाताना खंबाटकी, सासवडला दिवे घाट, मुंबईहून येताना बोरघाट. चढाला गाडी मोठ्या गिअरमध्ये रडवत नेऊ नका. वॉटर पंप इंजिनवर फिरतो, फॅनलाही फिरवतं इंजिनच, आरपीएम पडला की दोन्ही मंद आणि वर अॅक्सिलरेटर दाबलेला, म्हणजे उष्णता जास्त आणि थंडावा कमी. घाट सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली या आणि आरपीएम मॅन्युअलमधल्या हिरव्या पट्ट्यात ठेवा. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर असेल तर फुल, केबिनमध्ये घाम निघेल पण तो एक छोटा रेडिएटरच आहे.

उताराला इंजिन थंड करायचं म्हणून न्यूट्रल करू नका, कधीच नाही. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे, तिथे काय काय झालंय तेही माहीत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेक मिळत नाही, एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग होत नाही, सगळं वजन ब्रेक लायनरवर, ते तापले की पकडत नाहीत. इंजिन उताराला गिअरमध्येही थंडच होतं, कारण डिझेल जवळपास बंद असतं आणि पंप मात्र जोरात फिरतो.

८. काटा लालमध्ये गेला तर

१. घाई न करता बाजूला सुरक्षित जागा बघा, हँडब्रेक, चाकाला ठोकळे, मागे त्रिकोण.
२. वाफ निघतेय, होज फुटलाय किंवा ऑइलचा लाइट लागलाय? इंजिन लगेच बंद.
३. तसं काही नाही आणि पाणी आहे, तर न्यूट्रलला थोडा रेस ठेवून दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या. एकदम बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच अडकते. काटा उतरत नसेल तर बंद करा.
४. कॅपला हात नाही. तास थांबा.
५. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, बाहेरूनही मारू नका, हेडला क्रॅक जातो. थंड झाल्यावर इंजिन सुरू करून हळूहळू भरा.

अजून एक. काटा लालकडे जात होता आणि अचानक खाली आला तर सुटलो असं समजू नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच बरोबर दाखवतो, पाणी त्याच्या खाली गेलं की तो हवेत राहतो आणि काटा थंड दाखवतो. त्या वेळी आत पाणीच नसतं. लगेच थांबा. इंजिन बंद करा.

९. कूलंट बदलताना

कधी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात, आधी जे येईल ते. थंड इंजिनवर रेडिएटरचा आणि ब्लॉकचा असे दोन्ही ड्रेन उघडा, नुसता खालचा होज काढला तर ब्लॉकमधलं निम्मं तसंच राहतं. हीटर असेल तर त्याचा वॉल्व्ह उघडा ठेवा. भरताना हवा काढायचे स्क्रू उघडा, सावकाश ओता, स्क्रूमधून सलग पाणी यायला लागलं की बंद करा. कॅप न लावता इंजिन आयडलवर सुरू ठेवा, लेव्हल खाली जाईल, परत भरा. वरचा होज गरम व्हायच्या आधी कॅप लावा, एक छोटी चक्कर मारा, पूर्ण थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल बघून वहीत तारीख, किलोमीटर, किती लिटर गेलं ते लिहा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या लिटरपेक्षा बरंच कमी गेलं असेल तर आत हवा आहे, परत करा.

काढलेला कूलंट गटारात सोडू नका आणि बादलीत उघडा ठेवू नका. तो चवीला गोड असतो आणि विषारी असतो, वर्कशॉपच्या आजूबाजूची कुत्री चाटतात, लहान पोरं असतात. जुन्या ऑइलसारखाच, पण झाकण असलेल्या वेगळ्या ड्रममध्ये भरा, ड्रमवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि ऑइलच्या ड्रममध्ये तो मिसळू देऊ नका.